कोंड्याच्या मोलाचं

चंद्रकांताचा डोळा उघडला तेव्हा कुशीतली ऊब गेलेली होती. आधी हात चाचपत गेला, मागून डोळे गेले. दुपट्यात खोलगट जागा, आणि त्या जागेत पत्र्याचा बिल्ला. त्याचा दोरा कापलेला.

तसाच दुसरा बिल्ला तिच्या मनगटावर होता. मागल्या पावसाळ्यात या धर्मादाय दवाखान्यातून एक लेकरू कोणीतरी उचलून नेलं, ते परत मिळालंच नाही. तेव्हापासून इथं कायदे आले. मायलेकरांच्या हाताला एकाच नंबरचे बिल्ले. बाळंतिणींच्या खोलीत पुरुषांना बंदी, बापालासुद्धा. आणि बिल्ले जुळल्याशिवाय फाटकावरचा गोपीचंद चौकीदार कुणाचंही लेकरू बाहेर जाऊ देत नसे.

ती किंकाळी फोडणार होती, पण तिनं तोंडावर हात दाबला.

तिची पहिली पोरगी पाळण्यात पडायच्या आधीच गेली होती. दुसरा रांगला, उंबरा ओलांडायला शिकला, आणि तोही गेला. करडी गावच्या घरी सासूनं, बायजाबाईनं, तेव्हाच ठरवून टाकलं होतं : पुढचं लेकरू आपलं म्हणायचं नाही. जिची सारी लेकरं जगली अशा परक्या बाईनं ते केरावरून उचलायचं, ‘माहं हाये’ म्हणायचं, आणि आईबापानं सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. घरावर टपून बसलेल्या काळाला मग वाटतं, हे यांचं नव्हेच, आणि तो वाट सोडतो. लेकरू कधी उचललं हे मात्र आईला कळू द्यायचं नाही. आणि सौदा होईपर्यंत कोणी त्याला आपलं म्हणायचं नाही.

मग हे आत्यानं, म्हणजे सासूनं केलं, की चोरानं? आत्यानं केलं असेल तर एका हाकेनं सारं मोडेल. चोरानं नेलं असेल तर गप्प राहिलेला एकेक श्वास लेकराला दूर दूर नेत होता. ती खाटेची पट्टी घट्ट धरून बसली. बाहेर पौषाचं ऊन नेहमीसारखं पडलं होतं.

“काहून वो, लेकरू कुठी?” शेजारच्या खाटेवरून रुखमिणीनं विचारलं.

“आत्यानं नेलं असंल. उन्हात.”

“असंल? म्हणजे तुले ठाऊक नाही?”

तेवढ्यात लीलाबाई सिस्टर औषधाच्या बाटल्या घेऊन आली. तिची नजर बिल्ल्यावर गेली.

“कापला कोणी हा?”

चंद्रकांतानं बिल्ला मुठीत घेतला. सिस्टरनं ट्रे तसाच खाटेवर टाकला आणि धावली. व्हरांड्यातली घंटा वाजू लागली. फाटकाची साखळी खळकन पडली.

भिंत धरत, लुगडं सावरत चंद्रकांता बाहेर आली. पोटात कळ उठत होती. फाटकाशी गर्दी होती. गोपीचंदनं काठी आडवी धरली होती आणि काठीच्या अलीकडे मालनबाई उभी होती, रोज फाटकाबाहेर पेरू विकणारी. तिची पाच लेकरं, पाचही धडधाकट. तिच्या पदराआड गाठोडं होतं, तोंड झाकलेलं. बायजाबाई भिंतीला चिकटून उभी होती. आणि फाटकापलीकडे तेजराम, चंद्रकांताचा नवरा, हातात कोंड्यानं भरलेलं सूप घेऊन.

चोर नव्हता. पण गोपीचंद काही काठी खाली घेईना.

“कोणाचं लेकरू हाये हे?”

“माहं,” मालनबाई म्हणाली.

“तुहं? सकाळी तं पेरू तोलून राहिली होती. तवा हे पोटात होतं का टोपल्यात?”

लोक हसले. मालनबाई हसली नाही. तिनं बायजाबाईला शब्द दिला होता. “माहं हाये म्हणलं ना बाप्पा.”

सिस्टर तेजरामकडे वळली. “तुम्ही सांगा. तुमचं लेकरू आहे का हे?”

तेजरामनं गाठोड्याकडे पाहिलं. पोरगा झाला एवढंच त्याला कळलं होतं. तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, कायद्यानं पाहू दिलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली.

“नाही जी. आमचं नाही.” आणि भाबडेपणानं सूप पुढं केलं. “आम्ही इकत घेऊन राहिलो.”

लीलाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. “विकत? भरदिवसा, माझ्या फाटकात? गोपीचंद, ठाण्यावर माणूस धाड! अन् ते लेकरू माझ्याकडे दे. याला कोणी आपलं म्हणत नसेल तर ते जाईल अनाथाश्रमात.”

“तसं नाही वो बाई, हे आमची रीत...” बायजाबाई पुढं झाली.

“बिल्ला तुम्हीच कापला?”

“मग? आईची खूण अंगावर ठेवून इकतं का कोणी?”

“चोरीच आहे ही!” सिस्टर गरजली आणि चंद्रकांताकडे वळली. “तू बोल. तुझं आहे? एकदा तोंडानं सांग, मी फाटक उघडते.”

बायजाबाईनं तिचा दंड धरला. कुजबुजली, “बोलू नको, माय. पोलीस आले तं येऊ दे. दोन गेले ते आठव. टपलेला तो आयकून राहिला.”

चंद्रकांताला दोन्ही लेकरं आठवली. पाळण्याची रिकामी दोरी आठवली. उंबऱ्यावरचे ओले तळवे आठवले.

तेवढ्यात गाठोडं रडलं. बारीक, मधेच अडखळणारं, उचकीसारखं रडणं. काल रात्रभर तिनं तेच ऐकलं होतं. मालनबाईनं त्याला थोपटलं. “ओ ओ, माह्या राजा, माह्या सोन्या...”

माह्या राजा. चंद्रकांताच्या छातीत काहीतरी फाटलं.

“दे इकडे,” ती म्हणाली. मग मोठ्यानं, फाटकापार जाईल इतक्या मोठ्यानं, “माहा हाये तो! माहाच हाये!”

तेजरामच्या हातून सूप निसटलं, कोंडा त्याच्या पायावर सांडला. बायजाबाई मटकन खाली बसली.

सिस्टरनं साखळी काढली. तेजराम आत शिरला. गोपीचंदनं काठी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. तेजरामनं दुपटं बाजूला केलं, पाहिलं, आणि म्हणाला, “आपला हाये.”

“मोडला सौदा,” बायजाबाई जमिनीकडे पाहत म्हणाली. “साऱ्या दुनियेपुढं मोडला.”

मालनबाई वाकून सांडलेला कोंडा ओंजळीनं सुपात भरत होती. “मोडला कसा वो? कोंडा मी नेतोच. माही गाय खाईल. सूप उद्या पोहचवतो.” आणि सूप डोक्यावर घेऊन, विकणारीनं म्हणायचं असतं तेही म्हणून गेली :

लेकरू कोणाचं गं, कोंड्याच्या मोलाचं,
दुसरीच्या दारीचं, नाही गं तोलाचं.

बायजाबाईनं मान वर केली नाही. पण ती ऐकत होती.

खोलीत सिस्टर नवा दोरा घेऊन आली. लेकराचं मनगट काडीसारखं होतं. तिनं गाठ मारली, तेव्हा दारातून बायजाबाईचा आवाज आला, “ढिली नको बांधू, बाई. घट्ट बांध.”

चंद्रकांतानं लेकराला छातीशी धरलं. बिल्ल्याला बिल्ला लागून बारीकसा आवाज झाला. बोललेलं आता परत घेता येणार नव्हतं. त्या टपलेल्यानं ऐकलं असेल. तरी तिनं पदर ओढला, लेकराच्या कानाशी तोंड नेलं आणि तेच पुन्हा सांगितलं. या वेळी हळू, फक्त त्याला.