न दिलेला घोट

मित्रांनो, हिर्डोशीच्या एका पडवीत कमरेपर्यंत जमिनीत पुरलेला, काठाचा टवका उडालेला जो रांजण दिसतो, तो मी. भोरच्या कुंभाराने मला घडवले आणि बैलगाडीतून इथवर पोचवले. वरंधा घाटाचे वाटसरू माझ्यापाशी थांबत. "मावशी, तुमचं पानी पिऊन सासुरवाडीची वाट इसरलो बगा," असे कुणी म्हटले, की घरधनीण चंद्राबाई हसून म्हणे, "वाट इसरा, पर तांब्या ठिवून जावा!" ते माझे वैभवाचे दिवस होते.

एकोणीसशे चौतीसच्या आषाढात, एका सकाळी भाकऱ्या थापताना तिची सून ठकुबाई हिच्या पदराने चुलीचा जाळ धरला. चंद्राबाईने घोंगडी टाकून आग विझवली. स्वतःचे हात पोळले तरी घोंगडी सोडली नाही. ठकुबाईची छाती आणि दोन्ही हात भाजले होते, पण ती शुद्धीवर होती, बोलत होती. चंद्राबाईने हलक्या हाताने तिला शेणाचा लेप दिला. ठकुबाईचा नवरा रायबा तिला भोरच्या दवाखान्यात न्यायला डोली बांधून उभा राहिला. परंतु वाटेतल्या ओढ्याला पूर होता.

ठकुबाई माझ्यापासून चार हातांवर निजली होती.

"आत्याबाई, घोटभर पानी द्या."

"न्हाई गं बये. भाजलेल्याला पानी दिलं की जीव जातो."

"घसा जळतुया वो. जीब तरी भिजवा."

"म्या काय वैरीण हाय का तुजी? जरा दम काड."

शेजारची सोजराबाई कळवळून तांब्या घेऊन आली. "आगं, दे की घोटभर!"

"तुजं काय जातंय? सून माजी हाय!" असे म्हणत चंद्राबाईने माझ्या झाकणावर वरवंटा ठेवला आणि पदर तोंडात धरून रडत तिथेच बसली. मी काठोकाठ भरलेला होतो.

दुसऱ्या दिवशी ओढा उतरला, डोली गेली. तिसऱ्या दिवशी रायबा एकटाच परतला.

"ठकू गेली," तो अंगणातूनच म्हणाला. "डागदर म्हनले, येवड्या भाजन्यानं मरायची न्हवती. अंगातलं पानी जखमांवाटं निगून गेलं. शेनानं जखमा बी नासल्या. पाजत आनली असती, तर वाचली असती."

 चंद्राबाईने विचारले, "किती पाजायचं हुतं रं?"

"मागंल तेवडं."

सुतक आले. घरातले साठवलेले पाणी ओतून द्यायचे, ही रीत. सोजराबाईने मला तळापर्यंत उपसले. घागरीमागून घागर अंगणात रिती झाली आणि पाणी उकिरड्याकडे वाहत गेले. चंद्राबाई पाहत राहिली. तिने मला पुन्हा कधी भरले नाही.

मित्रांनो, कुणी भाजले तर शेण, राख, शाई काही लावू नका. भाजल्या अंगावर गार पाणी घाला, स्वच्छ फडक्याने झाका. शुद्धीवर असेल आणि पाणी मागत असेल, तर घोटाघोटाने पाजत दवाखाना गाठा. चंद्राबाईने सुनेवर केली तेवढी माया मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही. त्या मायेनेच ठकुबाईला तहानेने मारले.