चार महिन्यांची कोरी वही

नव्या मोठ्या बाई आल्या आणि त्यांनी शिक्षकांच्या खोलीत तक्रारवही टांगली. जे मोडलं, जे अडलं ते लिहा म्हणाल्या. चार महिने झाले, वही कोरीच. बाई खूश. त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष यायचे होते, बाईंना कायम करायचं की नाही ते ठरवायला. त्यांना दाखवायला बाईंनी हीच वही टेबलावर काढून ठेवली होती.

मी बावीस वर्षं इथे शिपाई आहे. वही कोरी का, ते मला ठाऊक होतं. आधीच्या मुख्याध्यापकांची रीत अशी, की नळ गळतो म्हणणाऱ्यानेच प्लंबर शोधायचा, त्याच्यामागे धावायचं आणि वर वर्गही घ्यायचा. त्यामुळे सगळ्यांची हाताची घडी, तोंडावर बोट. सर गेले, रीत राहिली.

दुसऱ्या मजल्याच्या जिन्याचा कठडा आठ दिवस डुगडुगत होता. गणिताच्या बाईंनी पाहिला, चित्रकलेच्या सरांनी पाहिला. मी सुतळीने बांधला. अकराला त्याच जिन्याने दीडशे पालक सभागृहात जाणार होते. घरी बायको म्हणाली होती, दोन वर्षं उरलीत, गप बसा. पण पाय एका जागी ठरेना. तीनदा वर जाऊन कठडा हलवून आलो.

पावणेअकराला बाईंच्या खोलीत गेलो. अध्यक्ष चहा घेत होते, बाई वहीची पानं उलटून दाखवत होत्या. मी उभ्याउभ्याच कठड्याचं सांगितलं.

बाईंचा चेहरा उतरला. "मामा, मग वही कशाला टांगली होती?"

"बाई, इथं जो बोलतो त्याच्याच गळ्यात घोंगडं पडतं. म्हणून ती कोरी आहे. सगळं ठीक आहे म्हणून नाही."

अध्यक्ष हसले. मग हे घोंगडं मामांच्याच गळ्यात घालू या की, म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. वही ओढून पहिल्या ओळीत त्यांनी कठडा लिहिला, खाली स्वतःची सही केली. जिना बंद करा, पालकांना मैदानात बसवा, असं मला सांगितलं. सभागृहाला कालच रंग दिलाय, असं अध्यक्ष म्हणेपर्यंत त्या दाराबाहेर गेल्या होत्या.

मैदानात ऊन होतं. पालक कुरकुरले. अध्यक्षांनी भाषण अर्ध्यात आटोपलं आणि कायम करण्याचं काही न बोलता गाडीत बसले. पत्र अजून नाही. टपालवाला दिसला की मी आधी फाटकाशी जातो.

वही पुन्हा खिळ्याला लावली. चौथ्या दिवशी बाईंच्या ओळीखाली गणिताच्या बाईंचं अक्षर दिसलं, फळा हलतो म्हणून. सही नव्हती. समोर मोठ्या बाईंनी लिहिलं होतं, सुतार मी बोलावते.