शिवप्रियाची डावी पापणी

लोहाऱ्यात साड्या विकणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या. पण मोबाइलसमोर उभं राहून इरकल अशी उलगडायची की उमरग्यापासून बार्शीपर्यंतच्या बायका हातातलं काम टाकून बघत बसतील, ही करामत एकट्या शिवप्रियाची. रोज संध्याकाळी ती 'लाइव्ह' यायची. मागं पांढरा पडदा, बाजूला साड्यांची चळत, आणि नवरा उमाशंकर पडद्याआडून एकेक साडी पुढं सरकवायचा. त्याचा हात तेवढा दिसायचा, म्हणून बघणाऱ्या बायका त्याला 'हातवाले भाऊजी' म्हणत. पुढं मात्र सगळा कारभार शिवप्रियाच्या तोंडाचा. तोंडाचा म्हणजे बोलण्याचा, आणि चेहऱ्याचासुद्धा.

तो चेहराच दोन वर्षांपासून दगा देत होता. सकाळी आरशात बघावं तर चांगला टवटवीत. दिवस कलला की डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी अर्ध्यावर यायची. ती वर धरायला कपाळ ताणावं लागे, आणि ताणून ताणून कपाळावर नांगरटीसारखे आडवे तास पडले होते. बघणाऱ्यांची बोटं काय, खाली लिहायला मोकळीच असतात. 'ताई, झोप झाली न्हाय का?' 'ताई डोळा मारायल्यात बघा!' इथपर्यंत ती हसून न्यायची. एकदा कुणीतरी लिहिलं, 'ताई घरात सुखी दिसत न्हाईत.' पडद्याआडचा हात जागच्या जागी थांबला. त्या रात्री दोघंही नीट जेवले नाहीत.

हा धंदा तिनं शून्यातून उभा केला होता. तो चेहऱ्यापायी बुडतो की काय, ही एकच धास्ती तिला आत खात होती. मग पार्लरवाल्या हर्षालीनं मार्ग सुचवला. हर्षालीचा हात हलका, असं अख्खं लोहारा म्हणायचं, आणि ते खोटं नव्हतं. तिनं भुवया कोरल्या तर डोळ्यांत पाणी येत नसे. पुण्याला जाऊन ती कसलासा कोर्स करून आली होती आणि आता मागच्या खोलीत चेहऱ्याला इंजेक्शनं देत होती.

"ताई, कपाळ इस्त्री केल्यावानी करून देते," ती म्हणाली. "पापणीबी वर उचलती. बसा फकस्त."

शिवप्रिया खुर्चीवर बसलीसुद्धा होती. हर्षालीनं फ्रिज उघडला. इडलीच्या पिठाच्या डब्यामागून एक बारकी बाटली काढली. शिवप्रियाला सवयीनं राहवलं नाही. साडी घेताना ती आधी उलटी बाजू बघते. तिनं बाटली हातात घेऊन फिरवली. वरचा कागद अर्धा निघालेला, उरलेल्यावर भलत्याच भाषेतली अक्षरं.

"ह्याच्यानं काय उलटंसुलटं झालं तर गं?"

"काय होतंय ताई? कायबी होत न्हाय!"

आता हे वाक्य शिवप्रियाच्या चांगल्या ओळखीचं होतं. रोज संध्याकाळी ती स्वतःच ते म्हणायची. 'रंग जातोय का? कायबी होत न्हाय, बिनधास्त घ्या!' आणि ती साडी आपण एकदाही पाण्यात घातलेली नाही, हे तिला म्हणताना पक्कं ठाऊक असायचं. साडीचं ठीक आहे, फार तर परत घेता येते. चेहरा कुणाकडून परत घ्यायचा? ती खुर्चीवरून उठली. पोराला शाळेतून आणायचंय असं काहीतरी पुटपुटली आणि तडक घरी आली. पोरगं केव्हाच घरी आलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं धाराशिव आणि सोलापूरच्या दवाखान्यांना फोन लावले. गिऱ्हाईक कसं पारखायचं हे तिला येत होतं, आता डॉक्टर पारखायचा होता. बाटली माझ्यासमोर फोडणार का? सुई कोण देणार, डॉक्टर की कामावरची बाई? डॉक्टर चामडीचेच शिकलेले आहेत का? एका ठिकाणी तिला गोड आवाजात सांगितलं, आजच या, आजच देऊ, मैत्रिणीला आणलंत तर तिला सवलत. दुसरीकडं मुलगी वैतागून म्हणाली, एवढं तर कुणीच विचारत नाही. धाराशिवच्या एका दवाखान्यातली मुलगी मात्र म्हणाली, "डॉक्टर आधी तपासतील. मग द्यायचं की नाही ते ठरवतील. त्या दिवशी मिळेलच असं धरून येऊ नका."

गिऱ्हाईक दारात आलं असताना माल द्यायला नको म्हणणारा दुकानदार शिवप्रियानं जन्मात पाहिला नव्हता. तिचं मन तिथंच बसलं. उमाशंकरनं तिथल्या डॉक्टर अर्पितांचं नाव आणि नोंदणीचा नंबर मेडिकल कौन्सिलच्या यादीत शोधून काढला. शिक्षण खरं, नाव खरं.

बरोबर सासू निघाली. लक्ष्मम्मांचं माहेर हद्दीपलीकडं, कर्नाटकात. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि हुकूम मात्र दोन्ही भाषांत सारखाच चालायचा. सून त्यांना अत्ती म्हणे. एसटीत खिडकीशी बसून त्यांनी सुनेला कानमंत्र दिला.

"हे बघ, डॉक्टरीणबाईला आपल्या तोंडानं कायबी सांगायचं न्हाय. आमच्या गावचे वैद्य नाडी धरायचे अन् काल काय खाल्लं तेबी सांगायचे. जो डॉक्टर इचारतो, त्याला काय कळतंय? इचारलं तर न्हाय म्हण. बघू वळखती का."

लक्ष्मम्माच कशाला, आमच्या भागात निम्मी माणसं दवाखान्यात अशीच जातात. दुखणं बरं करायला नव्हे, डॉक्टरची परीक्षा घ्यायला. पोटात दुखत असलं तरी पोटावरचा हात काढून बसतील आणि म्हणतील, सांगा बघू काय होतंय. शिवप्रिया शहाणी होती, पण तीही याच पाण्यावर वाढलेली. तिला सासूचं म्हणणं पटलं.

डॉक्टर अर्पितांना बघितल्यावर दोघींचीही निराशा झाली. वयानं पोरगीच. चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. आणि प्रश्न किती! बीपी, शुगर, गोळ्या, बाळंतपणं, अ‍ॅलर्जी. लक्ष्मम्मांनी कोपरानं सुनेला ढोसलं. अर्थ उघड होता: बघ, हिला काहीच कळत नाही.

"एक वस्तू दोन दिसते का कधी?"

"न्हाय."

"गिळताना ठसका लागतो? संध्याकाळी बोलताना आवाज बदलतो? चावताना जबडा दमतो?"

"न्हाय. न्हाय हो. न्हाय."

शेवटचं 'न्हाय' म्हणताना शिवप्रियाची जीभ जराशी अडखळली. पण सासू शेजारी बसली होती आणि परीक्षा अजून चालू होती.

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. कपाटातून इंजेक्शनाचा सीलबंद खोका काढला, त्यावरचं नाव आणि तारीख शिवप्रियाला वाचायला लावली. आता मिळणार, असं तिला वाटलं. पण डॉक्टरांनी खोका बंदच ठेवला आणि खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर येऊन बसल्या.

"छताकडे बघा. डोकं हलवायचं नाही, फक्त डोळे वर. मी सांगेपर्यंत वरच बघत राहा."

शिवप्रिया बघत राहिली. छताला एक पंखा होता, त्याच्या कडेला धूळ. सुरुवातीला गंमत वाटली. मग डोळे भरून आले. मग एका पंख्याचे दोन झाले, आणि डाव्या अंगानं सगळं अंधारत आलं. कपाळ ताणून तिनं पापणी उचलायचा जिवापाड प्रयत्न केला. पापणी काही ऐकेना. ती खाली आली, आणखी खाली आली.

"मिटा डोळे," डॉक्टर हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी बाहेर बसलेल्या नर्सला हाक मारली. "बर्फ आण."

बर्फ सुईआधी चामडी बधिर करायला लावतात, हे शिवप्रियानं ऐकलं होतं. पण डॉक्टरांनी तो कपाळाला लावला नाही. मऊ कापडात गुंडाळून मिटलेल्या डाव्या डोळ्यावर ठेवला आणि घड्याळाकडं बघत धरून बसल्या. त्यांचा हात काही हलका नव्हता. चांगला दाबून धरला होता त्यांनी. गार पाणी गालावरून पदरावर ओघळलं. लक्ष्मम्मांची चुळबुळ सुरू झाली. बर्फानं कुठं म्हातारपण जातं का, असं काहीतरी कानडीत त्या पुटपुटल्या.

"आता उघडा."

शिवप्रियानं डोळे उघडले. समोर डॉक्टरांनी आरसा धरला होता.

दिवस मावळतीला आला होता. खिडकीत संध्याकाळ स्पष्ट दिसत होती. आणि आरशात तिचे दोन्ही डोळे सारखे होते. डावी पापणी टक्क वर. कपाळ ताणलेलं नव्हतं, आठ्या सैल पडल्या होत्या, आणि दोन वर्षांपूर्वीची शिवप्रिया तिच्याकडं टकमका बघत होती. तिला स्वतःचा चेहरा बघून भरून आलं. सुई नाही, औषध नाही, बर्फाच्या एका खड्यानं मिटलेला डोळा उघडला होता!

"यव्वा!" लक्ष्मम्मा ताडकन उभ्या राहिल्या. "नोड, नोड! बघ, डोळा उघडला पोरीचा!" आणि त्यांनी चक्क त्या पोरसवदा डॉक्टरणीसमोर हात जोडले.

ते टिकलं मात्र नाही. तिघींच्या देखत पापणी पुन्हा उतरू लागली. शिवप्रियानं घाईनं बर्फाकडं हात नेला. डॉक्टरांनी तो हात धरला.

"बर्फ हे औषध नाही. मला फक्त पाहायचं होतं. आता नीट ऐका." त्या थांबून थांबून बोलत होत्या, एकेक शब्द समोर ठेवावा तशा. "डोळा उघडायचा, चावायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा, ही सगळी कामं स्नायूंची. मेंदूचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचावा लागतो. तुमच्यात तो निरोप वाटेत अडतो आहे, असा मला दाट संशय आहे. म्हणून दिवसभर वापरून स्नायू दमतात आणि सकाळी ताजे होतात. थंडीनं तो निरोप थोडा वेळ बरा पोचतो, म्हणून पापणी उठली. याला गोळ्या आहेत, माणसं चांगली राहतात. सोलापूरला मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे मी आत्ता फोन करते, उद्याच जा."

"अन् सुई?" शिवप्रियानं विचारलं. विचारताना तिलाच तिची लाज वाटली.

"ही सुई काय करते ठाऊक आहे? तोच निरोप अडवते. आठी पाडणारा स्नायू मुद्दाम झोपवते. धडधाकट माणसाला ते चालतं. तुम्हाला नाही. मी देणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडूनही घ्यायची नाही."

शिवप्रिया त्या बंद खोक्याकडं बघत राहिली. एवढीशी वस्तू. एकाचं कपाळ इस्त्री करते आणि दुसऱ्या माणसाला कायमचं झोपवू शकते, आणि वरून बघणाऱ्याला दोन्ही चेहरे सारखेच दिसतात. चामडीच्या आड असा निरोपांचा बाजार रात्रंदिवस भरलेला असतो, हे तिला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या बाजारातला एक अडलेला निरोप या मुलीनं छताकडं बघायला लावून हुडकून काढला होता.

लक्ष्मम्मा अजून उभ्याच होत्या. "बाई, आज ती सुई टोचली असती तर काय झालं असतं?"

"पापणी पूर्ण मिटली असती. गिळता आलं नसतं. कदाचित श्वासही अडकला असता." डॉक्टरांनी खोका कपाटात ठेवला. "आणि आजी, खरं सांगते, मी चुकले असते. यांनी मला सगळ्या प्रश्नांना 'नाही' सांगितलं होतं. तेवढ्यावर विसंबले असते तर दिली असती मी."

लक्ष्मम्मा खुर्चीत बसल्या. कधी नव्हे ते दोन्ही भाषांतले शब्द त्यांना सापडेनात. सुनेनं त्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींनाही रडू आवरलं नसतं.

डॉक्टरांनी मघाचा कागद फाडून टाकला, कोरा समोर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

"पहिल्यापासून विचारते. एक वस्तू दोन दिसते का कधी?"

शिवप्रियानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग तिच्या गुडघ्यावर एक खरखरीत हात आला, भाकऱ्या थापून थापून निबर झालेला.

"सांग," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "समदं सांग बाई. माझ्यापुढं सांग."

"व्हय," शिवप्रिया म्हणाली. "दिसतंय."

"गिळताना ठसका?"

"व्हय."

"संध्याकाळी आवाज?"

"नाकात जातोय. म्हणून लाइव्हला मी आधी भरभर बोलून घेती."

"जबडा?"

"रात्री कडक भाकरी चावत न्हाय मला. दोन घासांत जबडा गळून पडतो. मी दुधात बुडवून ठेवती अन् समदे झोपल्यावर खाती."

सून ताटावरून लवकर उठते, नखरे करते, हे लक्ष्मम्मांनीच दोन वर्षं शेजारणींना सांगितलं होतं.

"मला का न्हाय बोललीस गं?"

"तुमी कधी इचारलं न्हाय, अत्ती."