बाबांची दारू

माझा धाकटा भाऊ श्रीकृष्ण भोईटे याला पुण्यात मोठा साहित्य पुरस्कार मिळाला, तो आमच्या वडिलांना दारुडा ठरवल्याबद्दल. मानपत्रात असं लिहिलेलं नाही अर्थात. मानपत्रात 'धगधगतं आत्मकथन' असं छापलंय. पण धग कशाची, तर दारूची. आणि दारू कुणाची, तर ज्यांनी जन्मात थेंब तोंडाला लावला नाही त्या आमच्या बाबांची.

आम्ही बडोद्याचे. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, आम्ही इथेच राहिलो. बाबा म्हणजे सुभानराव, नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात कामाला होते. टाक्या धुवायचं काम, आणि धुवायचं ते पाण्यानं नाही, उग्र वासाच्या कसल्याशा द्रवानं. संरक्षण म्हणून नाकाला रुमाल. काही वर्षांत त्यांचे हात कापायला लागले, मग पाय लटपटायला लागले. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून रावपुऱ्यात उतरले की भिंतीला धरून घरापर्यंत यायचे. डोळे लालभडक, जीभ जड. गल्लीतली पोरं मागे लागायची, "पीधेलो आव्यो, पीधेलो!" पिऊन आला, पिऊन आला.

गुजरातेत दारूबंदी आहे हो. इथे माणसाला पीधेलो म्हटलं की नुसती अब्रू जात नाही, दारात पोलीसही येतो. बाबांनी ते फार मनाला लावून घेतलं. रोज सकाळी बसमध्ये चढले की शेजारी बसेल त्याच्यापुढे तोंड उघडायचे, "घे, वास घे." लोक हसायचे. विश्रामकाका, म्हणजे बाबांच्याच खात्यातले विश्राम पाटील, ते मात्र हसायचे नाहीत. ते खरोखर वास घ्यायचे आणि म्हणायचे, "चोख आहे. बस खाली."

मग एक दिवस बाबा कारखान्यात शिडीवरून पडले. कंपनीनं लगेच कागद केला, की कामगार पिऊन आला होता. काढून टाकलं. तेव्हा विश्रामकाका बसमधल्या चार माणसांना घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "साहेब, सकाळी मी स्वतः वास घेतलाय. हा माणूस पीत नाही. काढायचं तर मलाही काढा." स्वतःची नोकरी पणाला लावली त्या माणसानं. बाबांना परत घेतलं. त्या दिवशी बाबांनी बडोद्याचा लीलो, म्हणजे ओलसर, चिवडा आणून अख्ख्या गल्लीत वाटला, 'पीधेलो' म्हणणाऱ्या पोरांनासुद्धा. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की त्या द्रवाच्या वाफेनं नसा खाल्ल्यात. थोड्याच वर्षांत बाबा गेले, पण नाव स्वच्छ करून गेले.

ते स्वच्छ नाव माझ्या भावानं तीनशे पानांत परत बुडवलं.

आईचे डोळे गेल्यात जमा आहेत. आम्ही दोघी एकत्र राहतो. मी अलकापुरीत विमा कंपनीत आहे, संध्याकाळी घरी आले की तिला वाचून दाखवते. पुरस्कार जाहीर झाल्यावर श्रीचं पुस्तक घरी आलं तेव्हा आई नुसती फुलली होती. पार्सल फोडून तिनं पुस्तकाचा वास घेतला, कव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगदी पहिल्यापासून वाच. एक ओळ गाळू नकोस."

पहिली प्रकरणं चांगली होती, खोटं कशाला बोलू? त्याला लिहिता येतं. बसचा हॉर्न, आईची भाकरी थापायची लय, सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. आणि मग बाप येतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली घेऊन येतो. बडोद्यात! कोपऱ्यावरच्या दुकानातून! बिस्किटाचा पुडा आणावा तशी! पुण्याच्या समीक्षकांनी 'परिसराचे अचूक बारकावे' म्हणून यालाच वाखाणलंय. माझी जीभ अडखळली.

"थांबलीस का?" आई म्हणाली.

"घसा कोरडा पडला."

"पाणी पी आणि वाच."

मी वाचलं. बाप झोकांड्या खात येतो, आईच्या पुढ्यातलं ताट लाथेनं उडवतो, तिला पट्ट्यानं मारतो, आणि छोटा मुलगा कपाटामागे लपून शब्द जुळवत बसतो. म्हणजे लेखक तिथे जन्माला येतो. आई मान खाली घालून ऐकत होती. मग म्हणाली, "ताट लाथाडलं? अगं, त्यांना उंबरा ओलांडायला पाय उचलत नव्हता. मी हातानं धरून उचलायची."

तिथे मला रडू फुटलं. दुःखानं नाही, संतापानं. तशीच उठले आणि श्रीला फोन लावला.

"ताई, तू शब्दशः घेतेयस," तो म्हणाला. एकदम शांत. मुलाखती देऊन देऊन आवाजाला कसलं तरी तेल लागलंय त्याच्या. "घडलेलं आणि सत्य या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मला लहानपणी जी भीती वाटली ती खरी आहे. दारू हे तिचं रूप आहे."

"रूप? अरे, बाबांना कंपनीनं दारुडा म्हटलं ते खोटं, आणि तू म्हटलंस ते रूप?"

"तू चिडलीयस."

"चिडू नको तर काय ओवाळू तुला? केमिकलनं नसा गेल्या असं लिहायला काय झालं होतं?"

"तो रिपोर्ट झाला असता, ताई. कारखान्याची वाफ वाचून कोणी रडत नाही. दारुडा बाप वाचकाला लगेच कळतो."

"मग कव्हरवर कादंबरी छाप. आत्मकथन कशाला छापलंस?"

"कादंबरी म्हटलं असतं तर पुस्तक दुसऱ्या विभागात गेलं असतं आणि पुरस्कार हुकला असता," तो म्हणाला. बघा, एकच वाक्य खरं बोलला.

इथल्या मराठी मंडळानं त्याचा सत्कार ठरवला. बडोद्याचा मुलगा, हक्कच आहे मंडळाचा. मी आईला म्हटलं, आपण जायचं नाही. आई म्हणाली, "जायचं. मी बोलते त्याच्याशी."

सत्काराच्या दिवशी श्री दुपारी जेवायला आला. आईनं अंदाजानं, चाचपडत, त्याच्या आवडीची वांग्याची भाजी केली होती. त्याचं जेवण होऊ दिलं आणि मग म्हणाली, "श्री, एक मागणं मागते. पुस्तक छापलंस, झालं ते झालं. आज भाषणात एवढंच म्हण, की माझे वडील दारू पीत नव्हते. विश्रामभाऊजी येणार आहेत, त्यांच्या कानावर जाऊ दे. तुझं बाकी सगळं राहू दे."

"आई, तेवढंच ना? म्हणतो की," तो म्हणाला आणि तिच्या हातावर हात ठेवला. "तूही स्टेजवर असशील. मी नाही बोललो तर तू बोल." हसला. आईही हसली. मला तेव्हाच वाटलं, हा माणूस फार सहज हो म्हणाला.

हॉल भरला होता. विश्रामकाका काठी टेकत आले आणि माझ्या शेजारी बसले. पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं, म्हणाले, "सुभानच्या पोरानं सुभानवर लिहिलंय, हेच माझ्यासाठी खूप." मी म्हटलं, "ऐका काका, आज तो बोलेल."

बोलला ना! घडाघडा बोलला. बापाबद्दलचा राग, बापाबद्दलची करुणा, बापाला माफ करणं. माफ! त्या पट्ट्याच्या पानाचं वाचनही केलं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. दारू पीत नव्हते हे वाक्य काही आलं नाही. विश्रामकाकांची मान हळूहळू माझ्याकडे वळली, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. मी नुसती आईकडे बघत होते. म्हटलं, आई, आता तूच.

मंडळाचे अध्यक्ष विश्वंभरराव माइक घेऊन आईजवळ गेले. गृहस्थ भला आहे, पण भावनेत आला की त्याला आवरत नाही. "वहिनी," ते म्हणाले, "किती सोसलंत तुम्ही! आमच्या सगळ्यांचा तुम्हाला नमस्कार. या पुस्तकाच्या सगळ्यात मोठ्या साक्षीदार तुम्ही. दोन शब्द बोला. हे असंच घडलं ना?"

आई उठली. एका हातानं खुर्ची धरली. श्रीचा चेहरा मला दिसत होता, पार उतरला होता. दुपारचं हसू कुठल्या कुठे. त्यानं बसल्या जागेवरून हळूच "आई" म्हटलं. आईपुढच्या माइकशेजारीच बसला होता म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

आईनं त्या आवाजाकडे मान वळवली. मग म्हणाली, "हो. लेकानं लिहिलंय ते खरंच आहे."

टाळ्यांनी हॉल दणाणला. लोक उभे राहिले. मी बसून राहिले, आणि विश्रामकाकाही बसून राहिले. त्यांना उठायला वेळ लागतो म्हणून नव्हे.

कार्यक्रम संपल्यावर मी आईला स्टेजच्या पायऱ्यांवरून उतरवलं. राग तर आलाच होता, पण तिच्यावर ओरडणार कशी? तिनंच सुरुवात केली. "एवढ्या लोकांत त्याला कसं पाडू गं? हाक मारली त्यानं मला. तुझे बाबा असते तर त्यांनीही नसतं पाडलं."

"बाबा असते तर त्यांनी तोंड उघडून दाखवलं असतं, आई."



तेवढ्यात विश्रामकाका आले. काठी दोन्ही हातांनी धरून आईपुढे उभे राहिले. "वहिनी," ते म्हणाले, "राग मानू नका. पण एक विचारतो. मग तेव्हा सुभान आम्हाला फसवत होता का? काही खाऊन येत होता का वास दाबायला? मी साहेबापुढे छातीठोक सांगितलं हो. पोराबाळांची भाकरी पणाला लावली होती मी." आवाज चढला नव्हता त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं.

आई एकदम भानावर आली. "नाही, नाही हो भाऊजी! त्यांनी थेंब घेतला नाही कधी. तुम्ही खरं तेच सांगितलंत. मी आत्ता खोटं बोलले. देवाशपथ खोटं बोलले."

विश्रामकाकांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा मऊ झाला, आणि मला वाटलं, पटलं, सुटलो. ते म्हणाले, "राहू दे वहिनी. आता कशाला झाकता? गेलेल्या नवऱ्याला नावं कोण ठेवणार? बाईमाणसाला सगळं झाकावंच लागतं."

"काका, मी सांगते ना," मी म्हटलं, "पुस्तकातलं सगळं रचलेलं आहे."

"तूही त्याचीच लेक," ते मायेनं म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि गेले. जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी, परत मागे न बघता.

आई त्यांच्या काठीचा आवाज येईनासा होईपर्यंत ऐकत राहिली. मग मला म्हणाली, "मला श्रीकडे ने."

श्री टेबलाशी बसून पुस्तकांवर सह्या करत होता. रांग लागली होती. आई रांग मोडून थेट टेबलाला जाऊन धडकली. "श्री, सांग रे यांना," ती म्हणाली. आवाज मोठा होता, सगळी रांग गप्प झाली. "तुझे बाबा पीत नव्हते. एकदा तरी सांग. विश्रामभाऊजी गेले रे. त्यांना बोलवून आण आणि सांग. ते पीत नव्हते, त्यांनी मला कधी बोट लावलं नाही. मी मघाशी खोटं बोलले."

श्री उठला. टेबलाला वळसा घालून आला आणि आईला मिठीत घेतलं. त्याचे डोळे भरून आले होते, खरोखर भरले होते, मी शेजारीच उभी होते. आईच्या डोक्यावरून तो रांगेकडे बघून म्हणाला, "बघा. अजूनही त्यांना पाठीशी घालते."

एक बाई हुंदका देऊन म्हणाली, "केवढी मोठी माउली!" कुणीतरी मोबाइल काढून दोघांचा फोटो घेतला. त्याच्या छातीशी तोंड दाबलेलं असताना आई "नाही रे, नाही रे" म्हणत होती, आणि तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता, लहान मुलीला गप्प करावं तसा. मी आईला त्याच्या हातातून सोडवलं. मागे रांग परत सुरू झाली.