सतरा नंबरची तबकडी

स्लाव्का पेरुशेकची तबकडी सतरा नंबरच्या खाचेत टिकली असती, तर तिला आठवड्याला त्रेचाळीस डॉलर सुटले असते. शनिवारच्या लग्नाचे पंचवीस आणि रविवारच्या हॉलमधल्या नाचाचे अठरा, तेही साथीच्या तिघा पोरांना त्यांचा वाटा देऊन. नट-बोल्टच्या कारखान्यात तिला छत्तीस मिळत. म्हणजे फायदा सात डॉलरचा, शिवाय दहा बोटांचा. बोटं मी हिशोबात धरते. रविवारी माझ्या बारमध्ये अकॉर्डियन मांडीवर घेण्याआधी ती नखांत घुसलेला लोखंडाचा कीस सुईने काढत बसायची, ते मी पाहिलंय.

बारमधल्या, नाणं टाकलं की तबकडी वाजवणाऱ्या पेटीतल्या गाण्याचा तिला स्वतःला एक सेंटही मिळत नव्हता. तशी अपेक्षाही नव्हती. पण आमच्या सेंट क्लेअर रस्त्यावर लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी बारमध्ये येतो, पेटीत पाच सेंटचं निकेल टाकतो आणि ऐकून ठरवतो की वाजवायला कोणाला बोलवायचं. जो पेटीत नाही तो जिवंत नाही.

आणि पेटी कंपनीची. पेटी कोणाची हे विचारायची आमच्या क्लीव्हलंडमध्ये पद्धत नव्हती. चौकातल्या एका बारवाल्याने हौसेने स्वतःची विकत आणली होती. तिसऱ्या दिवशी त्याच्या काचा फुटल्या, चौथ्या दिवशी बिअरची गाडी त्याच्या दारात न थांबता पुढे गेली. त्याने पेटी विकली आणि कंपनीची घेतली. चोवीस तबकड्या, एका गाण्याला एक निकेल, निम्मे त्यांचे, निम्मे माझे. कोणत्या चोवीस ते कंपनी ठरवणार.

स्लाव्काची तबकडी आत गेली ती रूडी म्लाकरच्या मेहरबानीने. रूडी आमच्याच चर्चमधला. दर सोमवारी कंपनीची गाडी घेऊन पाच बारमध्ये फिरायचा, पैसे काढायचा, झिजलेल्या तबकड्या बदलायचा आणि कोणतं गाणं किती वेळा वाजलं ते पेटीच्या आतल्या काट्यावरून वहीत उतरवायचा. मी त्याला अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला एक गोड पाव दिला, स्लाव्काने पाच बारच्या पाच तबकड्या दिल्या. तिने साठवलेल्या पैशांतून तीनशे काढून घेतल्या होत्या. गाण्याचं नाव ‘शेजारणीची बदकं’. शब्द तिचे, चाल तिची, कारखान्यात यंत्राच्या ठेक्यावर बसवलेली. शेजारीण बदकं मोजते, रोज एक कमी भरतं आणि पाद्रीबुवा रोज थोडे जाड होतात, एवढीच गोष्ट. पाद्रीबुवांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते जेवत होते, आणि त्यांनी खाणं थांबवलं नाही.

एप्रिलमध्ये एका सोमवारी रूडी पेटीचं दार उघडून खाली बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “नेझा, पुढच्या महिन्यात सतरा नंबर काढायला सांगितलंय.”

“का? उवा पडल्यात तिच्यात?”

“टेडी वॉरिकची नवीन येतेय. तो जुगाराच्या क्लबात गातो ना, हद्दीपलीकडे, तो. कंपनीचा माणूस आहे. त्याला जागा पाहिजे. ज्याचा आकडा कमी, तो बाहेर.”

“तिचा किती?”

“गेल्या आठवड्यात एकतीस.”

“आणि किती असला की काढत नाहीत?”

रूडी हसला. “दोनशे वाजणारी तबकडी कोण काढेल? त्यांना काय, गाण्याचं पडलंय होय? निकेलचं पडलंय.”

मला वाटलं, झालं, सोपं आहे. ह्या लोकांना पैसा कळतो आणि मलाही पैसा कळतो. तेवीस वर्षं बार चालवते, त्यातली नऊ नवऱ्याशिवाय. आकडा पाहिजे तर आकडा देऊ. ही अक्कल माझी, दुसऱ्या कोणाची नाही. हे आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे मागून कोणी दुसऱ्याच्या नावावर टाकायला नको.

मी पाचही बारमध्ये निरोप दिला. कारखाना सुटला की पुरुष यायचे आणि खिसा उलटा करायचे. रविवारी प्रार्थनेनंतर बायका टोप्या न काढता पेटीपुढे रांग लावायच्या. खाटीक लोयझे त्राव्निक, ज्याच्या सॉसेजवर हा सगळा रस्ता पोसला, तो तर रोज दहा निकेल मोजून टाकायचा. “माझ्या मुलीच्या लग्नात स्लाव्काच वाजवणार,” म्हणायचा, “तोवर बदकं मेली नाही पाहिजेत.”

माझ्या पेटीत पहिल्या आठवड्यात दोनशे चौदा. दुसऱ्यात तीनशे अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्यात चारशे अठरा. तीन मिनिटांचं गाणं. म्हणजे आठवड्याचे एकवीस तास माझ्या डोक्यात बदकं. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, “नेझा, मी ते बदक चोरलं असं लिहून देतो, पण आता बंद कर.”

“निकेल टाक आणि गप पी,” मी म्हटलं.

स्लाव्का कोपऱ्यात बसून लाजायची. चाळिशीची बाई, पण कान लाल व्हायचे. “काकू, उगाच पैसे घालवताहेत लोक.”

“घालवू दे. लग्नं किती ठरली?”

“अकरा.”

“मग?”

चौथ्या सोमवारी रूडी एकटा आला नाही. त्याच्याबरोबर कंपनीचा मिस्टर रॉस्को होता. राखाडी हॅट, स्वच्छ नखं, बोलणं दवाखान्यात बोलतात तसं हळू. मागे एक देखणा, थकलेला तरुण. भिंतीवरच्या चित्रांमुळे मी त्याला ओळखलं. टेडी वॉरिक. रॉस्कोने स्वतःच्या खिशातून निकेल काढलं, सतरा नंबर दाबला आणि पूर्ण गाणं उभ्याने ऐकलं.

“छान आहे,” तो म्हणाला. “पाच बारमध्ये, तीन आठवड्यांत, चार हजार वेळा. कोणाचं हे?”

तेव्हा मला कळलं. आम्ही तबकडी वाचवायला आकडा वाढवला होता. त्यांनी आकडा बघितला आणि जे फेकणार होते ते उचलायला आले. दुकानदाराने काचेमागे माल मांडून वर दिवा लावावा, तसा तो दिवा मी लावला होता.

स्लाव्का संध्याकाळी कामावरून आली तेव्हा तो तिथेच बसून माझं सूप पीत होता. त्याने कागद काढला. गाणं कंपनीला, एक डॉलरला. टेडी गाणार, इंग्रजीत, बदकांच्या जागी चंद्र. आणि पुढे स्लाव्का जिथे वाजवेल तिथला निम्मा पैसा कंपनीचा, कारण कंपनी तिची काळजी घेणार.

“माझी काळजी मी घेते,” स्लाव्का म्हणाली.

“बाई, कोणी जबरदस्ती करत नाहीये.”

“मग उठा. ती माझी खुर्ची आहे.”

तो खरंच उठला. टेलिफोन करायला मागच्या खोलीत गेला. तेवढ्यात टेडी तिच्याजवळ सरकला.

“ताई, सही करून टाका.”

“तुमच्या घशात घालायला?”

“मीही पहिल्यांदा नाही म्हणालो होतो.” त्याने वरचा ओठ उचलून दाखवला. चार दात एकसारखे, फार पांढरे. “हे कंपनीने बसवून दिले.”

“फुकट?” मी विचारलं.

“नाही. अजून कापून घेतात. पाडायचे मात्र काही लावले नव्हते.” तो हसला आणि रॉस्कोच्या पावलांचा आवाज आल्यावर ते हसू तसंच, न बदलता, चेहऱ्यावर ठेवून सरळ बसला. मला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून जास्त संताप आला. अंगावरचा कोट त्यांचा, तोंडातले दात त्यांचे, आणि आता तोंडातून निघणारं गाणं आमचं.

स्लाव्काने कागदाचे दोन तुकडे केले. रॉस्कोने आतल्या खिशातून दुसरा कागद काढून बारवर ठेवला. पहिल्यापासून दोन आणले होते हरामखोराने.

ते गेल्यावर मी रूडीला दारात गाठलं. “तू वहीत कमी आकडा का नाही लिहिलास? दीडशे लिहिलं असतंस तर तबकडीही राहिली असती आणि ह्यांचं लक्षही गेलं नसतं.”

“आणि बाकीचे निकेल मी खाल्ले असा हिशोब लागला असता,” रूडी म्हणाला. “आकडा वाढव असं तूच म्हणालीस ना, नेझा? मी फक्त मोजलं.”

त्याचं खरं होतं. मी त्याच्या तोंडावर दार आपटलं.

तबकडी सगळ्या पेट्यांतून निघाली. पण त्रास स्लाव्काला कोणी दिला नाही. ती कारखान्यात जायची, यायची, कोणी तिच्याकडे डोळा वर करून पाहिलं नाही. त्रास सुरू झाला तो तिला बोलावणाऱ्यांना. पहिल्या लग्नाच्या हॉलला टेबलक्लॉथ मिळेनात. दुसऱ्या घरच्या नवरदेवाच्या मोटारीची चारही चाकं कापली गेली. अकराची सात लग्नं उरली, साताची तीन. निकेलवाल्या बायका रस्त्यात स्लाव्का दिसली की दुकानाच्या काचेत टोपी सारखी करायला लागल्या. मी त्यांची नावं लिहून ठेवली आहेत. माझ्या बारमध्ये उधारी बंद, हा माझ्या हातातला एवढाच कायदा, तो मी चालवला.

लोयझे त्राव्निक मात्र टिकून होता. मुलीचं लग्न शनिवारी, तीनशे पाहुणे. बुधवारी बिअरची गाडी यायची, ती आली नाही. गुरुवारी आली नाही. शुक्रवारी दुपारी तो माझ्याकडे आला, रक्ताचा ॲप्रन तसाच अंगावर. स्लाव्काला त्याने कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत बोलावून आणलं होतं. मागे बायको आणि ती नवरी मुलगी, रडून डोळे सुजलेले.

“स्लाव्का,” तो म्हणाला, “एक सही आहे गं फक्त.”

“लोयझे दादा, तुम्ही रोज दहा निकेल टाकत होतात.”

“अजून टाकीन! वीस टाकीन! पण उद्या तीनशे माणसांना काय पाणी पाजू? पोरीच्या सासरचे पिट्सबर्गहून येतात. तू नुसती सही कर, वाजवायला तूच ये, पैसे मी वरून देतो.”

“गाणं माझं आहे.”

“अगं, गाणी तू आणखी करशील! माझी पोर दुसरं लग्न करणार आहे का?”

ह्यावर त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं. मुलगी म्हणाली, “स्लाव्का मावशी, तुम्ही नका करू सही, मला बिअर नको,” आणि आईने तिला गप्प केलं.

आता माझं. माझ्या तळघरात सहा पिंपं होती. लग्नाला बारा लागणार. सहा दिली तर निम्मं भागलं असतं. उरलेल्याला वाईन, घरची ब्रँडी, कसंही निभावलं असतं. पण मी पिंपं दिल्याचं कळलं असतं, तर माझ्या दारात गाडी पुन्हा थांबली नसती. तेवीस वर्षांचा धंदा. शिवाय बिअर विकली नाही तर घराचा हप्ता कुठून भरणार. मी मनात मांडणी करत होते; चौकातला तो माणूस किती दिवस तगला, दुसऱ्या गावाहून पिंपं आणली तर किती भाडं पडेल, पेटीशिवाय गिऱ्हाईक किती तुटेल. मी नाही म्हणत नव्हते. देवाशपथ सांगते, मी देण्याच्या बाजूला झुकत होते. फक्त बेरीज पूर्ण व्हायची होती.

बेरीज पूर्ण झाली तेव्हा स्लाव्का पेनला टोपण लावत होती.

“किती वाजले, काकू?” तिने विचारलं. “भोंगा व्हायच्या आत पोचायला हवं.”

संध्याकाळपर्यंत लोयझेकडे बारा पिंपं पोचली. शनिवारी स्लाव्का लग्नात वाजवायला उभी राहिली. रात्रीचं जेवण झाल्यावर, अपेक्षेप्रमाणे, लोक टेबलं बडवायला लागले: बदकं, बदकं! तीनशे माणसं. तिने अकॉर्डियन बंद करून पट्टा लावला आणि मोठ्याने सांगितलं, “ते वाजवायची मला परवानगी नाही. मालकाला विचारा. त्याची बिअर पिताय तुम्ही.”

 मग कोणीतरी दुसऱ्या गाण्याचं नाव ओरडलं आणि सगळे हसले, सुटल्यासारखे. मला त्या हसण्याचा जितका राग आला तितका रॉस्कोचाही आला नव्हता.

जूनमध्ये टेडी वॉरिकचा चंद्र सतरा नंबरवर लागला. पहिलं निकेल मीच कोणाला टाकू देणार नाही असं ठरवलं होतं. टाकलं, एका परक्या ट्रकवाल्याने, त्याला काय माहीत. दुसरं लोयझेने टाकलं. पाठ माझ्याकडे करून.

हिशोब बंद करते. कंपनीने गाण्यापोटी एक डॉलर दिला, तो रॉस्कोने बारवर ठेवला आणि स्लाव्काने हात न लावल्यामुळे तो पुढचे दोन दिवस ओल्या गोल डागावर चिकटून राहिला. लोयझेला बारा पिंपं पूर्ण किमतीत मिळाली. रूडीचा मार्ग पाचाचा आठ बारचा झाला. टेडी तेच चार दात घेऊन गातो. आमच्या रस्त्याने चार हजार निकेल टाकले, म्हणजे दोनशे डॉलर. त्यातले शंभर कंपनीला गेले, स्वतःची चोरी करून घ्यायची मजुरी म्हणून. माझ्या एकट्या पेटीत एक हजार वीस वेळा वाजलं. एक्कावन्न डॉलर, माझा निम्मा वाटा साडेपंचवीस. ह्या सगळ्यात सेंट क्लेअरवर नफा झाला तो आम्हा पाच बारवाल्यांना, त्यातली एक मी. ते पैसे पाकिटात घालून मी स्लाव्काच्या घरी गेले होते. तिने मोजलेही नाहीत. म्हणाली, “काकू, पेटीत टाका.”

ती अजून कारखान्यातच आहे. आठवड्याचे छत्तीस. रविवारी कुठे वाजवलं तर त्यातले निम्मे रॉस्कोचा माणूस येऊन घेऊन जातो, म्हणून आता ती वाजवत नाही. पैसे सगळ्यांनी थोडे थोडे भरले. किंमत तिने भरली.