चार कोकरे, तीन कवड्या

पालथी पडलेली कवडी... तिच्या पाठीवर केसाएवढी चीर – त्या चिरेकडेच जोतीराम मघापासून पाहत होता, कारण मान वर केली असती तर नानासोच्या तोंडाकडे पाहावे लागले असते.

"लांडगा झाला की त्यो गेला!" नानासो पुन्हा म्हणाला. सुट्टीवर आलेला फौजी; साधे बोलणेही हुकमाचे. "गोळी घालायची, खेळ पुढं. परत माणूस हुतोय व्हय कवा? लिव गड्या."

का म्हणून लिहायचा हा नियम? कवठ्यातल्या या खोलीत, शाळा सुटल्यावर, वर्षभर बसून हा खेळ रचला तो मी – प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे, त्याच्या अंगाने बोलायचे, सात कवड्या पडतील तसे पुढचे घडायचे – आणि अवसेला लांडगा होणारा माणूसही मीच घातला. तो परत यावा म्हणूनच घातला! सोबत्यांनी टाळी धरून त्याचे नाव घ्यायचे. त्याच्या सातांतल्या चार कवड्या उताण्या पडल्या की तो माणसांत. बुवा नाही का आख्यानात वाटमाऱ्याला रानोमाळ हिंडवतात, त्याचे हात रक्ताने माखवतात, आणि मग झांज अशी काही वाजते की मांडवातल्या म्हाताऱ्या पदराने डोळे... एकाला तरी रानातच टाकून आरती ओवाळली का कुठल्या बुवांनी? आणि हा शहाणा, चार वर्षे सरहद्दीवर काय राहिला, देवाच्या दारालाच कडी घालायला निघाला!

"ज्याचं सोंग हाय त्येलाच इचार की," नानासो हसला. "काय रं कोंडीबा, मरतोस न्हवं?"

कोंडीबा कोपऱ्यात घोंगडीवर बसला होता, मेंढरे भावावर सोपवून आलेला. लांडग्याचे सोंग पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे.

"मी तर कवाच मेलोय," तो म्हणाला. "गुर्जी, एक कोकरू खाल्लं की तुमी माजी एक कवडी काढून घेताय. चार कोकरं झाली. ऱ्हायल्या तीन कवड्या. त्यात चार उतान्या कशा पडायच्या वो?"

जोतीरामने कवड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या... तीनच.

"उपाशी लांडगा खानारच की. आमच्यात कोकरू गेलं तर त्येचा वाटा म्हनत्यात. चोर न्हाई म्हनत." कोंडीबाने घोंगडी सारखी केली. "आन् ह्यो लांडगा मलाच का दिला, त्येबी तुमी कवा सांगितलं न्हाई."

का दिला? धनगर म्हणून... दुसरे काय. विचारलेही नव्हते. आणि वाटा – हा शब्द कुठे... बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर, ढिगाऱ्याआड बसून दुसऱ्याच्या फडक्यातली भाकरी मी घशाखाली कोंबत होतो, आणि फडके जिचे, ती दगडाबाई, या कोंडीबाची आई, समोर उभी. ओरडली असती तर साऱ्या कामावर बोभाटा झाला असता. ती म्हणाली, "हळू खा बाबा, ठसका लागंल. तुजाच वाटा हाय त्यो." दुसऱ्या दिवशी फडक्यात एक भाकरी जास्त होती. तिने माझे काय काढून घेतले होते?

"अरं लिव की गुर्जी, का लिवायचं इसरलास?" नानासो खेकसला.

पेन्सिल हातात तशीच होती. संतापही तसाच होता, पण आता स्वतःवर; कानशिले तापलेलीच होती... आता मान वर करून नानासोकडे पाहणे अगदी सोपे होते. कोंडीबाकडे तेवढे पाहवेना.