दुसऱ्यांदा वाढलेले पान

"पोटात कधीपासून दुखतंय, काका?" शर्मिलाने हातातल्या कागदावरचा पहिला प्रश्न वाचला.

"गेल्या शिमग्यापासून," दत्ताराम म्हणाला.

मालवणातल्या एका सभागृहात मन आणि पोट यांच्या संबंधावरचे दोन दिवसांचे प्रशिक्षण चालू होते. परिचारिका, उपकेंद्रांवरचे अधिकारी, आरोग्य सेवक असे एकूण चौतीस जण हजर होते. पहिल्या दिवशी पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक डॉक्टरांनी आतड्याभोवतीच्या मज्जातंतूंचे जाळे पडद्यावर दाखवले. सर्व तपासण्या निर्दोष येऊनही ज्याचे पोट दुखते, त्याला गोळी देण्यापूर्वी त्याच्या घरचे विचारा, हा त्यांच्या बोलण्याचा सारांश होता. दुसऱ्या दिवशी सराव होता. एकाने रुग्ण व्हायचे, दुसऱ्याने विचारायचे. विचारणाऱ्याच्या खुर्चीवर शर्मिला ही तरुण परिचारिका बसली होती.

रुग्ण म्हणून आरोग्य सेवक दत्तारामचे नाव त्याचा सहकारी भिकाजी यानेच पुकारले. "ह्येका बसवा! वीस वर्सां दशावतारात राणीचा काम केल्यान ह्येना."

ते खरेच होते. नोकरी सांभाळून दत्ताराम गुडघ्यांनी साथ दिली तोपर्यंत दशावतारात उभा राहिला होता. त्या नाटकात संवाद लिहिलेले नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतो. त्यामुळे दत्तारामने आपल्याला मिळालेली चिठ्ठी बाजूला ठेवली, याचे कोणाला नवल वाटले नाही. 'वय पन्नास, रिक्षाचालक, मुलीच्या लग्नाची काळजी' असे तिच्यावर छापलेले होते. दत्ताराम सत्तावन्न वर्षांचा होता आणि त्याला मुलगी नव्हती.

"घरी कोण असतं?"

"मी आणि घरकारीण. दोघांच."

"जेवण व्यवस्थित होतं?"

"कितव्यांदाचा सांगू?"

सभागृहात हशा पिकला.

"आठ वाजता ती वाढता, मी जेवतंय," दत्ताराम सांगू लागला. "अर्ध्या तासान परत हाक येता, 'अहो, जेवूक येतास मां?' जावन बघतंय तर पान वाढलेला. जेवलंय म्हटला तर ती भियाता. तिचा तोंड बघवत नाय. मगे मी परत बसतंय."

"अशी बायल माका गावली असती तर!" भिकाजी मागून ओरडला. हसणे बराच वेळ थांबेना.

शर्मिला हसली नाही. कागदावर नसलेला प्रश्न तिने विचारला. "काका, त्यांना आठवत नाही का?"

"दिवसा बरी असता. सांज झाली की बिघडता. कधी कधी माका दादा म्हणता. दादा म्हणजे तिचो भाव. तो जावन धा वर्सां झाली."

"कुणाला सांगितलंत?"

"एकदा शुद्धीर असताना तिना माझो हात धरल्यान. म्हणाली, कोणाक सांगा नकात. म्हणान नाय सांगूक."

"आणि पोट नेमकं कधी दुखतं?"

"तिची हाक आयकली की. पान बघूच्या आधीच."

त्याचे डोळे भरून आले. तो शर्मिलाकडे पाहत राहिला. अकरा महिन्यांत हे वाक्य प्रथमच त्याच्या तोंडून बाहेर पडले होते आणि समोर बसलेल्या मुलीने आता काहीतरी बोलावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. शर्मिलाने कागद पाहिला. शेवटच्या ओळीत 'धन्यवाद, आपण पुन्हा भेटू' असे छापलेले होते.

टाळ्या सुरू झाल्या.

"अप्रतिम!" प्रशिक्षक उठून उभे राहिले. "डोळ्यांत पाणी कसं आणलंत हो?"

दत्तारामने तोंड उघडले. हे खरे आहे, एवढे तीनच शब्द पुरेसे होते. परंतु समोर तेहतीस माणसे बसली होती, आणि संध्याकाळपर्यंत ती तितक्याच गावांत पोहोचणार होती.

"सवय, साहेब," तो म्हणाला.

चहाच्या वेळी शर्मिला कप घेऊन त्याच्याजवळ आली. "काका, तो अभिनयच होता ना? खरं सांगा."

"नायतर काय गो?"

"घाबरवलंत मला," ती म्हणाली आणि हसली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला त्याला स्पष्ट दिसला. ती बिस्किटे आणायला गेली.

तेवढ्यात प्रशिक्षक मोबाईल घेऊन आले. "हे आपण पुन्हा एकदा घेऊ. पुढच्या तुकड्यांना दाखवता येईल. चालेल ना?"

"खंयखंय दाखवतलास?"

"सगळ्या जिल्ह्यात."

दत्तारामने कप खाली ठेवला. नाही म्हणायचे तर कारण द्यावे लागले असते. तो उठला. खुर्चीवर सावली पडत होती, म्हणून त्याने ती स्वतःच उचलून खिडकीच्या उजेडात नेली. शर्मिला समोर येऊन बसली.

दुसऱ्या वेळी भिकाजीच्या ओरडण्यावरच्या हशाला त्याने पुरता अवकाश दिला. 'तिची हाक आयकली की' या शब्दांनंतर तो थांबला, मनात दोन आकडे मोजले, आणि मगच पुढचे वाक्य घेतले. पहिल्या वेळी तो तिथे थांबला नव्हता.